सोळा तास आधी

केरळातल्या वायनाडची दरड नेमकी किती वाजता कोसळली, हे मिनिटावर सांगता येत नाही. मंगळवार, ३० जुलै २०२४ ची मध्यरात्र उलटून गेली होती, एवढं नक्की. कुणी एकचा सुमार सांगतं. पहिल्या बातम्यांत दोनची वेळ आली होती. पावसाच्या अंधारात डोंगराचा आवाज ऐकून पळणाऱ्या माणसानं घड्याळ पाहिलं असेल, ही अपेक्षाच चुकीची. म्हणून इथे रात्री एक ही वेळ शून्य धरली आहे आणि बाकीचे तास तिच्या मागे-पुढे मोजले आहेत.

उलटी मोजणी सुरू केली की एक अडचण येते. थांबायचं कुठे? बातमीदार आदल्या संध्याकाळशी थांबतो, चौकशी समिती आदल्या आठवड्याशी. पर्यावरणवाला १९५० पर्यंत मागे जातो आणि हवामानशास्त्रज्ञ थेट कोळशाच्या इंजिनापर्यंत. शून्य सगळ्यांचा एकच, सुरुवात प्रत्येकाची वेगळी. वायनाडबद्दल नंतर जी भांडणं झाली त्यांतली निम्मी या वेगवेगळ्या सुरुवातींमुळेच झाली, असं मला वाटतं.

चाळीस वर्षं आधी

ही दरड आली ते मुंडक्कई हे वायनाडातल्या मेप्पाडी पंचायतीतलं गाव. वर पुंचिरीमट्टम, खाली चूरलमला, बाजूला अट्टमला. भोवती चहाचे मळे, वेलचीच्या बागा, मळेमजुरांच्या पाड्या म्हणजे आपल्याकडच्या चाळींसारख्या रांगा. वरच्या जंगलातून पुन्नपुळा नदी उतरते, या वस्त्यांमधून जाते, सूचिप्पारा धबधब्यावरून कोसळते आणि पुढे चालियारला मिळते. नदीकाठी सपाट जागा असते, म्हणून शाळा, देऊळ, दुकानं, घरं सगळं नदीकाठी. डोंगराळ मुलखात माणूस सपाट जागा शोधतो. ती जागा सपाट का झाली, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. पुष्कळदा ती जुन्या दरडींनी आणून टाकलेल्या मातीचीच असते.

१९८४ च्या जुलैत इथल्या डोंगराची दरड कोसळली आणि चौदा माणसं गेली. ४० वर्षांनंतर इस्रोच्या हैदराबादच्या केंद्रानं उपग्रहाची चित्रं पाहून सांगितलं की २०२४ ची दरड जिथून सुटली, तो जुन्याच दरडीचा माथा होता. म्हणजे ही पहिली वेळ नव्हती, आणि जागाही नवी नव्हती.

तेरा वर्षं आधी

२०११ मध्ये पुण्याचे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल केंद्राला दिला. त्यात वायनाडचे तिन्ही तालुके अतिसंवेदनशील म्हणून पहिल्या श्रेणीत होते. मुंडक्कई ज्यात येतं तो वैत्तिरी तालुका त्यांतलाच एक. त्या अहवालाचं पुढे काय झालं, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. केरळात त्याविरुद्ध मोर्चे निघाले, आपल्याकडे नुसतं दुर्लक्ष झालं. १९५० ते २०१८ या काळात वायनाडचं जंगल ६२ टक्क्यांनी घटल्याचा एक अभ्यास आहे. जंगल गेलं त्याच्या जागी मुख्यतः मळे आले. चहाच्या झुडपाची मुळं माती धरतात, पण जुन्या झाडांइतकी खोल नाही.

गाडगीळ अहवालानंतर तीन वर्षांनी, ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळी चिखलाखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं दगावली आणि नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसेना. मुंडक्कईची तारीखही ३० जुलै. योगायोगच, पण आषाढाची अखेर आणि श्रावणाची सुरुवात सह्याद्रीत दरडींचीच असते. तळीये २२ जुलैचं, इर्शाळवाडी १९ जुलैची. जूनभर डोंगर पाणी पितो, जुलैअखेर त्याचं पोट भरतं.

पाच वर्षं आधी

८ ऑगस्ट २०१९. मुंडक्कईपासून फार दूर नसलेल्या पुतुमला इथे दरड कोसळून १७ जण गेले. त्याच दिवशी शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात कवलप्पारात त्याहून मोठी दरड आली. याच काळात कल्पेट्ट्याच्या ह्यूम सेंटर या छोट्या संस्थेनं जिल्हाभर पर्जन्यमापक बसवण्याचा नाद घेतला. आज त्यांची संख्या दोनशेच्या घरात आहे. मळेवाले, शेतकरी, शाळा असे लोक रोज सकाळी मापकातलं पाणी मोजतात आणि आकडा कळवतात. यंत्र साधं, काम कंटाळवाणं. पुढच्या कथेत या मापकांचं महत्त्व इतकं आहे, की ते आधीच सांगून ठेवतो.

पाच आठवडे आधी

२२ जूनपासून वायनाडात पाऊस जवळजवळ थांबलाच नाही. काही ठिकाणी महिनाभरात १८०० मिलिमीटरहून अधिक पडला. मातीत पाणी मुरायला जागा असते तोवर डोंगर सुरक्षित असतो. ती जागा संपली की मातीच्या कणांमध्ये अडकलेलं पाणी कणांना एकमेकांपासून दूर लोटू लागतं, घर्षण कमी होतं, आणि खालच्या कातळावर बसलेला मातीचा थर नुसता टेकलेला उरतो. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. झाडं उभी, चहा हिरवागार.

अकरा दिवस आधी

१९ जुलै. कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राचं उद्घाटन झालं. मोजक्या जिल्ह्यांसाठी प्रायोगिक पत्रकं निघू लागली.

चाळीस तास आधी

रविवार, २८ जुलै. केरळच्या किनाऱ्यालगत समुद्रावर कमी दाबाचा पट्टा पसरला होता. पावसाळ्यात तो असतोच; गुजरात ते केरळ अशी त्याची लांबलचक पन्हळ नकाशावर आपल्याला वर्तमानपत्रांतूनही पाहायची सवय आहे. तो बळकट झाला की कोकण, गोवा, केरळ झोडपून निघतं. यात हवामानबदल कुठे आला, असं विचारणारे खूप असतात आणि प्रश्न रास्त आहे. पट्टा आपल्या आजोबांच्या काळीही होता.

फरक पट्ट्याखालच्या पाण्यात आहे. अरबी समुद्राचा पृष्ठभाग गेल्या चारेक दशकांत सव्वा अंशाच्या आसपास तापला. तापलेल्या पाण्याची वाफ अधिक होते आणि तापलेली हवा वाफ अधिक धरते: दर अंशाला सुमारे सात टक्के. हे सात टक्के कुणाचं मत नाही, एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक असलेलं भौतिकशास्त्र आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या आणि त्यांना लागणारी वाफ अरबी समुद्राकडून येते. गंमत म्हणजे याच काळात तिथला एकूण मोसमी पाऊस घटत होता. सरासरी पाहणाऱ्याला त्यामुळे काहीच कळणार नव्हतं.

कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातले एस. अभिलाष आणखी एक गोष्ट सांगत आले आहेत. पश्चिम किनाऱ्यावरचे मोसमी ढग बहुधा उथळ असत; घाटाला आपटून संततधार धरत. अलीकडे आग्नेय अरबी समुद्रावर उंचच उंच ढगांचे पुंज तयार होतात, वाऱ्याबरोबर जमिनीवर येतात आणि थोड्या तासांत थोड्या जागेवर सगळं ओतून मोकळे होतात. २०१९ मध्ये असंच झालं होतं. या रविवारीही तसे पुंज समुद्रावर उभे होते.

पुतुमलाच्या मापकात चोवीस तासांत सुमारे २०० मिलिमीटर भरले. हवामान खात्याचा केरळसाठीचा पिवळा इशारा २५ जुलैपासून होताच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. जुलैत केरळात पिवळा इशारा नसलेला दिवस शोधावा लागतो. लोकांनी त्याकडे किती लक्ष द्यायचं?

सोळा तास आधी

सोमवार, २९ जुलै, सकाळी नऊच्या आसपास. ह्यूम सेंटरच्या लोकांकडे रात्रीचे आकडे आले. त्यांचा ठोकताळा साधा होता: दोनतीन दिवसांत ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला की या डोंगरांत दरड सुटू शकते. पुतुमलाचा मापक त्या दिशेनं धावत होता आणि आभाळ उघडण्याचं चिन्ह नव्हतं. त्यांनी जिल्हा प्रशासनाला कळवलं की मुंडक्कईच्या बाजूला धोका आहे.

माझ्या मते सगळ्या घटनाक्रमात हा तास सर्वांत महत्त्वाचा. इथे ना महासंगणक होता ना उपग्रह. डोंगराजवळचा एक मापक, एक उंबरठा आणि बेरीज. उजेड होता, रस्ता होता, पूल उभा होता. सोळा तासांत मुंडक्कई-चूरलमला रिकामं करणं अशक्य नव्हतं. अवघड मात्र नक्की होतं. एका छोट्या संस्थेच्या आकड्यावर शेकडो घरं हलवायचा हुकूम कुठला अधिकारी काढेल? दरड आली नाही तर? पुढच्या वेळी लोक उठतील? रिकाम्या घरातली चोरी, गोठ्यातली जनावरं, मळ्यातली हजेरी? हे प्रश्न वायनाडचेच नाहीत. पोलादपूर-महाडकडच्या कुठल्याही तलाठ्याला विचारा.

काही कुटुंबं हलली, हेही सांगायला हवं. नदी गढूळ होऊन फुगलेली पाहून वरच्या वस्तीतले काहीजण नातेवाइकांकडे गेले. व्यापक स्थलांतर झालं नाही.

बारा तास आधी

दुपारी एकच्या सुमारास हवामान खात्याचा नारिंगी इशारा. म्हणजे २४ तासांत ११५ ते २०४ मिलिमीटर. पलीकडे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रायोगिक पत्रकात ३० आणि ३१ जुलैसाठी वायनाडपुढे हिरवा रंग होता: मोठ्या दरडीची शक्यता कमी.

एकाच दुपारी, एकाच डोंगराबद्दल, एका संस्थेनं धोका सांगितला, दुसरीनं नारिंगी रंग दाखवला आणि तिसरीनं हिरवा. खोटं कुणीच बोलत नव्हतं. हवामान खातं जिल्ह्याबद्दल बोलत होतं आणि भूवैज्ञानिकांचं नवं प्रारूप त्यांना मिळालेल्या पावसाच्या अंदाजावर चाललं होतं. एका उताराबद्दल बोलणारा फक्त पुतुमलाचा मापक होता.

सहा तास आधी

संध्याकाळ. मळ्यातली माणसं पाड्यांवर परतलेली. मल्याळी पंचांगात कर्किडकम महिना चालू होता. हा तिकडे ओढगस्तीचा, आजारपणाचा आणि घरोघरी रामायण वाचण्याचा महिना. पावसाची इतकी सवय, की पावसाची भीती वाटावी असा पाऊस कोणता, हे ठरवणंही अवघड. नदीचा आवाज वाढला होता हे वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. आवाज दरवर्षीच वाढतो, हेही त्यांनीच सांगितलं.

शून्य

समुद्रसपाटीपासून सुमारे १५५० मीटर उंचीवर, पुंचिरीमट्टमच्या वर, सुमारे ८६ हजार चौरस मीटर उतार सुटला. माती, दगड, अख्खी झाडं पुन्नपुळाच्या पात्रात आली. नदीनं त्यांना वाट दिली आणि वेगही दिला. आधी पुंचिरीमट्टम, मग मुंडक्कई. लोक झोपेत होते. ज्यांना जाग आली ते अंधारात वरच्या अंगाला पळाले. चूरलमलात पाणी आणि चिखल घरांत शिरला, आणि फोन लागत होते तोवर माणसांनी रुग्णालयांना, नातेवाइकांना, अग्निशमन दलाला फोन केले.

तीन तासांनंतर

४ वाजून १० मिनिटं. दुसरी लाट. अरुंद भागात झाडं आणि धोंडे अडकून बांध तयार झाला, त्यामागे पाणी साचलं आणि मग तो बांध फुटला, असं तज्ज्ञांनी नंतर मांडलं. पहिलीपेक्षा ही भयंकर. चूरलमलाची बाजारपेठ, नदीकाठची घरं आणि मुंडक्कईला जोडणारा पूल हिनं नेला. मदतीला फोन करून वाट पाहत थांबलेली माणसं हिच्यात सापडली. पहिल्या आवाजानंतर वर गेलेले वाचले. पाणी ओसरलं असं वाटून घरात परतलेल्यांतले पुष्कळ गेले.

हा सगळा लोंढा आठेक किलोमीटर धावला. सकाळी मलप्पुरम जिल्ह्यात पोथुकल्लुजवळ चालियारच्या काठी मृतदेह लागू लागले. वायनाडात काय घडलंय याची पूर्ण कल्पना यायच्या आत शेजारच्या जिल्ह्याला नदीनं कळवलं.

पाच तासांनंतर

सकाळी सहाच्या सुमारास वायनाडसाठी लाल इशारा आला. पुतुमला भागात त्या चोवीस तासांत ३७२ मिलिमीटर आणि ४८ तासांत मिळून ५७२ मिलिमीटर पाऊस झाला होता. ह्यूम सेंटरच्या सहाशेच्या ठोकताळ्याला तो जवळजवळ भिडला होता.

दीड दिवसानंतर

३१ जुलै, राज्यसभा. गृहमंत्री अमित शहा म्हणाले की २३ जुलैपासून केरळला वारंवार इशारे दिले होते. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं की दरडीआधी लाल इशारा नव्हताच, नारिंगी होता, आणि पाऊस नारिंगीच्या कितीतरी पुढे गेला. दोघांकडे कागद होते. दोघंही आपापल्या कागदापुरते खरे होते. सोमवारी सकाळी नऊ वाजता आलेल्या आकड्याचं काय झालं, या प्रश्नाला त्या वादात फारशी जागा मिळाली नाही, कारण तो कागद दोघांपैकी कुणाचाच नव्हता.

त्याच तारखेला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना काढली: सहा राज्यांतले मिळून ५६ हजार ८०० चौरस किलोमीटरहून थोडे अधिक, त्यात महाराष्ट्राचे १७ हजारांवर, गोव्याचे साडेचौदाशेच्या आसपास. वैत्तिरी तालुक्यातली गावंही त्यात. हा सहावा मसुदा. पहिला मार्च २०१४ चा. म्हणजे माळीणच्याही चार महिने आधीचा.

चौसष्ट तासांनंतर

१ ऑगस्ट, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, चूरलमलात १९० फुटी बेली पूल उभा राहिला. लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपनं तो ३१ तासांत बांधला आणि त्या तुकडीत होत्या पारनेर तालुक्यातल्या मेजर सीता शेळके. पूल होईपर्यंत पलीकडे जड यंत्रं जाऊ शकत नव्हती आणि हातांनी उपसण्यावर सगळं होतं. अडीचशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. बेपत्ता धरून आकडा तीनशेच्या जवळ गेला.

पंधरा दिवसांनंतर

ऑगस्टच्या मध्यावर वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन या आंतरराष्ट्रीय गटाचा अहवाल आला. फ्रीडरिके ऑटो आणि गेर्ट यान फान ओल्डनबोर्ग यांनी हा गट सुरू केला. एखादी आपत्ती घडल्यावर काही आठवड्यांतच तिच्यातला हवामानबदलाचा वाटा मोजायचा, हे त्यांचं काम. वायनाडच्या अभ्यासात भारतासह अनेक देशांतले चोवीस संशोधक होते.

पद्धत अशी. आधी ठरवायचं की नेमकं काय मोजायचं. त्यांनी दरड घेतली नाही, पुतुमलाचा मापकही घेतला नाही. उत्तर केरळच्या पट्ट्यावरचा एका दिवसाचा सरासरी पाऊस घेतला. त्या पट्ट्यावर त्या दिवशी १४० मिलिमीटरहून अधिक पडला होता. नोंदींमधला हा तिसरा मोठा दिवस. याहून मोठे फक्त १९२४ आणि २०१९ चे. २०१८ च्या महापुराचे दिवसही याच्या मागे पडले. मग प्रश्न: आजच्या, म्हणजे सुमारे १.३ अंशांनी तापलेल्या जगात असा दिवस किती वेळा यावा? उत्तर आलं, साधारण पन्नास वर्षांतून एकदा. पुढचा प्रश्न: हेच जग १.३ अंशांनी थंड असतं, तर इतकाच दुर्मीळ दिवस किती पावसाचा असता? त्यासाठी हवामानाची संगणकीय प्रारूपं दोन्ही जगांत चालवून पाहायची. फरक निघाला दहा टक्के. तापमानवाढ दोन अंशांवर गेली तर आणखी चार टक्के.

दहा टक्के! वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांना ते फार वाटलं, हवामानबदल मानत नसलेल्यांना अगदीच किरकोळ. हिशेब करून पाहू. १४० मधून दहा टक्क्यांची वाढ काढली तर उरतात सुमारे १२७; म्हणजे फरक तेरा मिलिमीटरचा, अर्ध्या इंचाचा. ऐकायला काहीच नाही. पण एका चौरस किलोमीटरवर तेरा मिलिमीटर म्हणजे एक कोटी तीस लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे तेराशे टँकर. आधीच तुडुंब भरलेल्या उतारावर एका दिवसात हे जास्तीचे तेराशे टँकर रिते झाले, असं म्हटलं की अर्धा इंच वेगळा दिसू लागतो.

याच ठिकाणी लिहिणाऱ्याचा पाय घसरतो. म्हणजे हवामानबदल नसता तर मुंडक्कई वाचलं असतं का? अहवाल तसं म्हणत नाही आणि म्हणूही शकत नाही. तो एका विस्तृत पट्ट्याच्या दिवसभराच्या पावसाबद्दल बोलतो. डोंगराळ, लहान प्रदेशात प्रारूपं डगमगतात, हेही त्यानं कबूल केलं आहे; दहा टक्क्यांवर विश्वास ठेवायचं मोठं कारण हे की तो आकडा सात टक्के प्रति अंश या जुन्या नियमाशी जुळतो. पट्ट्यावर १४० पडले तेव्हा पुतुमलात ३७२ पडले. त्या ३७२ मधल्या किती मिलिमीटरना तापलेला समुद्र जबाबदार, हे कुणालाच सांगता येणार नाही. उतार नेमका कितव्या मिलिमीटरला सुटला, हेही.

तरीही हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो दोन्ही बाजूंना अडचणीत आणतो म्हणूनच वाटतो. जुन्या पावसाच्या नोंदींवर आखलेले पूल, मोऱ्या, इशाऱ्यांचे उंबरठे आता तोकडे पडणार, हे तो सांगतो. पन्नास वर्षांतून एकदा येणारा दिवस आता पूर्वीच्या तशाच दिवसापेक्षा दहा टक्के ओला असतो. तिकडे मंत्रालयातल्या माणसाकडून तो एक सोय काढून घेतो. दरड कोसळली की पूर्वी दैवाकडे बोट दाखवायचे, अलीकडे हवामानबदलाकडे दाखवतात. दोन्हीकडे बोट दाखवणाऱ्याचा हात रिकामा. दहा टक्के हवामानाचे म्हटले की उरलेल्या पावसाचा आणि नदीकाठच्या वस्तीचा हिशेब इथेच, मेप्पाडी आणि तिरुवनंतपुरमला द्यावा लागतो. जंगलतोड आणि खाणींचा दरडीशी नेमका किती संबंध, याबद्दल वायनाडात पुरेसे अभ्यास नाहीत, असं अहवाल प्रामाणिकपणे म्हणतो. तेव्हा त्यांच्यावरही सगळा भार टाकून मोकळं होता येत नाही.

अहवालानं सुचवलेल्या गोष्टी नव्या नाहीत: डोंगरउतारावरच्या बांधकामांवर आणि खाणींवर निर्बंध, जंगलतोड कमी करणं, आणि इशारा आला की माणसं खरोखर हलवता येतील अशी व्यवस्था. यांतली शेवटची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी झालेली.

महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळामागे एक याप्रमाणे दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. ती उभी राहिली शेतीच्या हवामान सल्ल्यासाठी आणि पीकविम्यासाठी, म्हणजे शेत आहे तिथे. एका मंडळात वीस-पंचवीस, कुठे त्याहून जास्त गावं येतात. घाटमाथ्याजवळच्या वाडीवर पडणारा पाऊस आणि दहा किलोमीटर पूर्वेला मंडळाच्या गावी मोजलेला पाऊस यांत जुलैमध्ये दुपटीचा फरक सहज असतो, हे महाबळेश्वर आणि वाई यांचे आकडे शेजारी ठेवले तरी कळतं. २२ ते २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पडला. त्याच सुमारास पलीकडे तळीयेची दरड कोसळली. अशा प्रत्येक वाडीच्या डोक्यावर एक मापक बसवायचा, तो रोज वाचायला वाडीतलाच माणूस नेमायचा आणि कितव्या मिलिमीटरला घर सोडायचं हे त्याच वाडीत बसून आधी ठरवायचं, याला लागणारा पैसा एखाद्या घाटरस्त्याच्या संरक्षक भिंतीहूनही कमी आहे. वायनाडातल्या एका छोट्या संस्थेनं तेवढं केलं होतं. सोमवारी सकाळी नऊ वाजता तिचा आकडा ऐकून हुकूम काढण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे मात्र आधी कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.